लशीच्या भरपाईची तडजोड: कागद कुठे कच्चा राहतो

पाचशे रुपयांचा स्टॅम्प पेपर, त्यावर टाइप केलेलं ‘पूर्ण व अंतिम’, खाली बापाचा अंगठा आणि दोन साक्षीदार, त्यातला एक दवाखान्यातलाच कंपाउंडर. लशीनंतर मुलाला काही झालं आणि ‘बाहेरच्या बाहेर मिटवलं’ असं कोणी सांगितलं, की बहुधा हातात एवढंच असतं. डॉक्टरला वाटतं सुटलो. घरच्यांना वाटतं मिळालं ते मिळालं. पण असा कागद दोघांच्याही फारसा कामाचा नाही. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाच्या हक्कावर बापाने पाणी सोडलं म्हणून मूल बांधलं जाईलच असं नाही. दिवाणी दाव्यात मुदत कायद्याच्या कलम ६ प्रमाणे अज्ञानाची मुदत तो सज्ञान झाल्यावर मोजतात. म्हणजे पैसे देऊनही डॉक्टरला कैक वर्षांनी नोटीस येऊ शकते, आणि घरच्यांच्या हाती पुढच्या उपचाराबद्दल एक ओळही नसते.

मुळात आपल्याकडे मुलांच्या नेहमीच्या लशींसाठी ‘दोष कुणाचाही असो, भरपाई घ्या’ असा वेगळा कायदा नाही. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने तसा निधी उभा केला; लस ज्या रोगापासून वाचवते त्या प्रत्येक रोगामागे दर मात्रेला ७५ सेंट कर त्यात जमा होतो आणि यातनांसाठी अडीच लाख डॉलरपर्यंत मिळतात. ब्रिटनमध्ये १९७९ च्या कायद्याखाली ६० टक्के अपंगत्व ठरलं की १,२०,००० पौंड एकरकमी. तिथे डॉक्टर चुकला का, हा प्रश्नच येत नाही. इथे तोच पहिला प्रश्न. (कोविडच्या लशीचा दावा असेल तर गोष्ट निराळी. केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात शपथपत्र देऊन भरपाईची जबाबदारी नाकारली होती आणि दिवाणी किंवा ग्राहक न्यायालयाचा रस्ता दाखवला होता. त्या प्रकरणातला अगदी ताजा आदेश वकिलाकडून वाचून घ्या. इथे बोलतोय ते बाळांच्या लशींबद्दल.)

म्हणून ‘लशीने झालं’ यापेक्षा ‘लस देताना चुकलं’ हे सिद्ध करणं सोपं, आणि तडजोडही त्यावरच लवकर होते. सरकारी समिती लशीनंतरच्या गंभीर घटनेची तपासणी करून तिला एक अक्षर देते. ‘ए-१’ म्हणजे लशीच्या गुणधर्मामुळे, ‘ए-२’ म्हणजे लशीच्या दर्जातल्या दोषामुळे, ‘ए-३’ म्हणजे लस देण्यातल्या चुकीमुळे, ‘ए-४’ म्हणजे भीतीने आलेली चक्कर वगैरे. ‘बी’ म्हणजे ठरवता येत नाही, ‘सी’ म्हणजे योगायोग, ‘डी’ म्हणजे माहितीच अपुरी. समोरचा वकील फाइल उघडतो तो हे अक्षर बघायला. ‘ए-३’ असेल तर खुर्ची ओढून बसतो. ‘सी’ असेल तर चहासुद्धा सांगत नाही. समितीचं अक्षर म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे, ते खोडून काढता येतं. पण त्यासाठी स्वतंत्र तज्ज्ञ डॉक्टरांचं मत लागतं आणि ते मत द्यायला तयार डॉक्टर आपल्याच जिल्ह्यात मिळेल या भरवशावर राहू नका.

‘ए-३’ नेमकं कसं दिसतं? गोवर-रुबेलाची लस पावडरच्या रूपात येते, द्रावक वेगळं. एकदा मिसळलं की चार तासांत संपवायचं, उरलं तर फेकायचं. तीच कुपी संध्याकाळपर्यंत किंवा दुसऱ्या दिवशी वापरली तर तिच्यात जंतू वाढतात आणि काही तासांतच बाळाला जोराचा ताप, उलट्या, पातळ जुलाब सुरू होतात. अशा वेळी विचारायचा प्रश्न एकच: त्या कुपीतली लस आणखी कुणाला दिली? त्याच पाड्यावरची दोन-तीन बाळं त्याच रात्री आजारी असतील तर ‘योगायोग’ म्हणणं समितीला अवघड जातं. दुसरं उदाहरण कुल्ल्यात दिलेल्या इंजेक्शनचं. बाळाला इंजेक्शन मांडीच्या मध्यावर, बाहेरच्या बाजूला द्यायचं असतं. कुल्ल्यात दिलं आणि सुई मोठ्या नसेला लागली तर पाऊल लोंबू लागतं, मूल पाय फेकत चालतं. इथे लशीचा काही दोष नसतो, आणि हीच गोष्ट दावा सोपी करते.

‘ए-१’ च्या दाव्यात सगळा खेळ वेळेचा. जीवघेणी ॲलर्जी बहुधा काही मिनिटांत दिसते, म्हणून लस दिल्यावर अर्धा तास थांबवून ठेवतात. थांबवलं नाही, किंवा ॲड्रेनॅलिन (अशा ॲलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन) जवळ नव्हतं, तर प्रकरण पुन्हा चुकीकडे सरकतं. पेंटाव्हॅलंटनंतरचा (पाच रोगांवरच्या एकत्र लशीनंतरचा) ताप पहिल्या दोन दिवसांतला, गोवर-रुबेलाचा साधारण सहाव्या ते बाराव्या दिवसातला. गोवर-रुबेला दिली त्याच रात्री ताप येऊन झटका आला, तर तो ताप लशीतल्या विषाणूच्या माथी मारता येत नाही. म्हणून अर्जात ‘लस दिल्यानंतर काही वेळाने’ असं कधी लिहू नका. तारीख, तास, आधी काय दिसलं, मग काय, कोणत्या दवाखान्यात किती वाजता पोचलो, तिथे ताप किती मोजला, हे सगळं लिहा.

आता कागद. गंभीर घटना म्हणजे मृत्यू, दवाखान्यात भरती, अपंगत्व, किंवा एकाच ठिकाणी अनेकांना त्रास. अशी घटना प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला लेखी कळवा, प्रत जिल्हा परिषदेत माता-बालसंगोपन अधिकाऱ्याला द्या, आणि दोन्हीकडून शिक्का-तारखेसह पोच घ्या. पोच नसेल तर कळवलंच नव्हतं असं धरून चाला. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ च्या निकालात लशीनंतरच्या त्रासाची नोंद सामान्य माणसाला आणि खासगी डॉक्टरलाही करता यावी, असं सांगितलं आहे. ‘आमच्याकडे अशी नोंद होत नाही’ हे उत्तर ऐकून परत फिरू नका.

लशीचं कार्ड जपा. खासगी दवाखान्याच्या कार्डावर कुपीचं स्टिकर चिकटवलेलं असतं, त्यावर कंपनी, बॅच नंबर, मुदत. सरकारी कार्डावर बऱ्याचदा नुसती तारीख असते. मग बॅच नंबर केंद्राच्या साठा रजिस्टरमधून काढावा लागतो, आणि त्यासाठी माहिती अधिकार. जोडपत्र ‘अ’ (अर्जाचा ठरलेला नमुना), दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द. उत्तर तीस दिवसांत. मागायचं ते असं: अमुक तारखेच्या सत्राची लाभार्थी यादी, त्या दिवशी वापरलेल्या कुप्यांचे बॅच नंबर, त्या आठवड्याची शीतपेटीच्या तापमानाची नोंदवही, तपासणीचा अहवाल. ‘सर्व कागदपत्रे द्यावीत’ असं लिहिलं की काहीच मिळत नाही. दवाखान्याच्या केस पेपरची लेखी मागणी केली तर डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांप्रमाणे ते ७२ तासांत द्यावे लागतात. मागणी पहिल्याच आठवड्यात करा. नंतर पानं वाढतात, कमी होतात.

उरलेली कुपी घरी फ्रीजमध्ये ठेवून ‘पुरावा आहे’ म्हणणारे भेटतात. त्याचा उपयोग शून्य. लशींची सरकारी तपासणी कसौलीच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेत होते, आणि नमुना अधिकाऱ्याने सील करून, थंड साखळी न तुटता, म्हणजे वाटेत सतत थंडच राहून, गेला तरच त्याला अर्थ.

मूल दगावलं तर शवविच्छेदन. सातपुड्यातल्या गावातच नव्हे, शहरातही घरचे नको म्हणतात, आणि ते समजण्यासारखं आहे. पण शवविच्छेदन नसेल तर अक्षर ‘डी’कडे झुकतं आणि ‘डी’वर कुणी पैसे देत नाही. हे घरच्यांना त्याच वेळी, नीट, आवाज न चढवता कुणीतरी सांगायला हवं.

नंदुरबारकडची एक खास अडचण. दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत जातं, एक मात्रा धडगावात, पुढची तिकडच्या केंद्रावर. कार्डं दोन, रजिस्टरं दोन राज्यांत. त्रास कोणत्या मात्रेनंतर झाला ते आधी पक्कं करा, नाहीतर नोटीस भलत्याच्या नावे जाते.

दावा कुठे? पैसे देऊन खासगीत लस घेतली असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षं, आणि ती अगदी गंभीरपणे धरा. आयोगाची पायरी (जिल्हा, राज्य की राष्ट्रीय) भरपाईच्या मागणीवर ठरत नाही, मोजलेल्या मोबदल्यावर ठरते. लशीचे दोन-तीन हजार दिले असतील तर मागणी साठ लाखांची असली तरी प्रकरण जिल्ह्यातच चालतं आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही. तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणून कंपनी पुण्याची असली तरी चोपड्याच्या माणसाने पुण्याला जायचं कारण नाही. सरकारी केंद्रावर सगळ्यांना फुकट मिळणारी लस मात्र ग्राहक कायद्याच्या बाहेर, सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या शांता निकालामुळे. त्यातही एक फट आहे: दवाखाना इतरांकडून पैसे घेतो आणि तुम्हाला फुकट दिलं, तर तुम्ही ग्राहकच. शासनाविरुद्ध दिवाणी दावा लावायचा तर आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस. रिट (उच्च न्यायालयातली याचिका) करायची तर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हींना औरंगाबाद खंडपीठ. वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. स्त्री, बालक, अनुसूचित जमातीची व्यक्ती यांना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही, तेव्हा अर्ज मुलाच्या नावाने करा.

आकडा काढताना लोक आजवरची बिलं जोडतात आणि थांबतात. मोठा आकडा पुढे असतो. उदाहरणादाखल, फिजिओथेरपी बैठकीला ३०० रुपये, महिन्याला १२ बैठका, म्हणजे वर्षाला ४३,२००. सहा टक्के महागाई धरली तर साधारण बारा वर्षांत हाच खर्च दुप्पट. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये तमिळनाडूतल्या दृष्टी गेलेल्या मुलीच्या प्रकरणात पुढच्या उपचारांवरची महागाई हिशेबात घेतली; तो निकाल वकिलाला दाखवा. सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च वेगळा. सर्वोच्च न्यायालयाच्याच २०२० च्या काजल प्रकरणात, ते अपघाताचं होतं, दोन मदतनीसांचे महिना १०,००० धरून बारा महिने आणि अठराचा गुणक (वयावरून ठरणारा, वर्षांच्या जागी धरायचा आकडा), म्हणजे २१,६०,००० एवढे फक्त त्याच बाबीचे दिले. आई सांभाळते म्हणून हा खर्च शून्य लिहू नका. बुडालेला रोज, एसटीची तिकिटं, नाशिक-मुंबईच्या खेपा, सगळं डायरीत टिपा. अपंगत्वाचं प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्डासह (अपंगांचं केंद्र सरकारी ओळखपत्र), आधी काढून घ्या. टक्का ठरल्याशिवाय बोलणी म्हणजे भाव न ठरवता केळीचा बाग तोडायला देणं.

बोलणी लांबतात याचं एक कारण घरच्यांना कधी कळत नाही. डॉक्टरची व्यावसायिक विमा पॉलिसी असते आणि विमा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायला किंवा रक्कम मान्य करायला तिच्या अटी मनाई करतात. म्हणून डॉक्टर ‘माफ करा’ एवढंही लिहून देत नाही. त्यावर रुसून बसू नका. नोटिशीतच पॉलिसीचा तपशील मागा आणि विमा कंपनीला पक्षकार करा.

आयोगात मध्यस्थी मागताना जपून. २०२० च्या मध्यस्थी नियमांत गंभीर इजा किंवा मृत्यू झालेली वैद्यकीय निष्काळजीपणाची प्रकरणं मध्यस्थीला पाठवायची नाहीत असं आहे. अर्ज फेटाळला की लोक समजतात तडजोडच बंद झाली. तसं नाही, दोन्ही बाजूंनी लेखी, सह्यांची तडजोड पुरसिस (न्यायालयाला द्यायचं लेखी निवेदन) दाखल करायची आणि तिच्यावर आदेश घ्यायचा. तो आदेश मोडला तर ग्राहक कायद्याच्या कलम ७१ खाली वसुली, कलम ७२ खाली कैदसुद्धा. लोकअदालतीचा निवाडाही डिक्रीसारखाच (दिवाणी न्यायालयाच्या हुकमासारखा), पण त्यावर अपील नाही, तेव्हा रक्कम तिथे बसल्या बसल्या ठरवू नका. मूल अज्ञान असेल तर दिवाणी दाव्यात न्यायालयाची परवानगी स्वतंत्र घ्यावी लागते. ती नसेल तर मुलाला तडजोड पुढे झुगारता येते.

पुरसिशीतली वाक्यं एकेक तपासा. ‘जबाबदारी मान्य नाही’ असं समोरच्याने लिहिलं तर लिहू द्या, त्याने काही बिघडत नाही. ‘पुढे कोणतीही मागणी नाही’ याच्या आधी ठरलेल्या शस्त्रक्रियांची नावं वगळून घ्या. गुप्ततेच्या अटीत नवीन डॉक्टर, आरोग्य खातं आणि अपंगत्वाच्या योजना यांना सूट लिहा. ‘पोलिसांतली तक्रार मागे घेऊ’ हे कलम पूर्ण काढून टाका. खटला दाबण्याचा करार करार कायद्याखाली रद्दबातल असतो आणि सगळ्या कागदाला तो डाग लावतो. रक्कम कोण देणार, डॉक्टर किती, विमा कंपनी किती, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, उशीर झाला तर व्याज किती, हे आकड्यांत आणि अक्षरांत. घरात अहिराणी, पावरी, भिलोरी जे बोलतात त्या भाषेत वाचून दाखवल्याची नोंद आणि वाचणाऱ्याची सही खाली हवी.

मुलाच्या वाट्याची रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचा आदेश मागा, व्याज दरमहा आईच्या खात्यात. शाखा राहत्या गावाजवळची निवडा, जळगावची नको; दर खेपेला गाडीभाडं मूलच भरतं. पावतीवर ‘आदेशाशिवाय मोडू नये’ असा शेरा बँकेकडून मारून घ्या, आदेशाची प्रत मॅनेजरला द्या आणि ठेव आपोआप नूतनीकरण होईल असा अर्ज त्याच दिवशी भरा, नाहीतर मुदत संपल्यावर व्याजाची जमा थांबते आणि ते महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही.