ड्रेन बोल्टला रामराम

काटोलहून संत्रा भरून नागपुरात कळमन्याच्या बाजारात यायचं होतं. आंबिया बहाराचे दिवस, म्हणजे गाडीला आंघोळ घालायलाही वेळ नाही. बागेतून गाडी मागे घेतली तर जिथे ती उभी होती तिथे मातीवर तळहाताएवढा काळा डाग. खाली वाकून पाहिलं. इंजिनाखालच्या ऑइल चेंबरला जुनं ऑइल काढायचा जो ड्रेन बोल्ट असतो, त्याच्या टोकाला एक थेंब लटकलेला, पडू की नको असा.

त्या बोल्टाची कर्मकहाणी जुनी आहे. चेंबर अ‍ॅल्युमिनियमचा, बोल्ट लोखंडाचा. दर ऑइल बदलीला कुठल्यातरी गॅरेजमधला पोरगा पान्याला पाइप लावून तो कसणार आणि पुढचा दुसरा पाइप लावून खोलणार. अ‍ॅल्युमिनियम किती दिवस सोसेल? तीन वर्षांपूर्वी आटे गेलेच. तेव्हा एका लेथवाल्याने भोक मोठं करून नवे आटे पाडले आणि त्या मापाचा बोल्ट बसवून दिला. काम चाललं, मी विसरून गेलो. हे विसरणंच पुढे नडलं.

त्या दिवशी वायसर बदलून वेळ मारून नेली. पण ठरवलं, आता या भोकाशी कोणी झटापट करायची नाही. ऑइल मी घरीच बदलणार आणि बोल्टाच्या जागी ड्रेन व्हॉल्व्ह बसवणार. पुण्याच्या मावसभावाने त्याच्या गाडीला जपानी फुमोटोचा बसवलेला मी पाहिला होता. पितळी बॉडी, आत गोळीचा व्हॉल्व्ह, बाजूला छोटा दांडा. दांडा थोडा उचलून फिरवला की ऑइलची धार सुरू, परत फिरवला की बंद. एकदा कसला की आट्यांना हात लावायचं कामच नाही. लोक याला वेळ वाचवायची सोय म्हणतात. मला वेळेचं फार काही नव्हतं, मला ते आटे वाचवायचे होते.

गाडीचं मॉडेल टाकून ऑनलाइन मागवला. रविवारी सकाळी वाडीतल्या घरासमोर गाडी लावली, ऑइल काढलं, व्हॉल्व्ह भोकाला लावला आणि तो सरळ आत गेला. फिरवायची गरजच नाही, नुसता खुळखुळ वाजतोय. बाबा ओट्यावर चहा पीत बसलेले.

"काऊन, बसत नाही का?"

"बसते ना बाबा, पण पकडत नाही."

"लेथवाल्यानं भोक मोठं केलं होतं ना बे, भुलला का?"

भुललोच होतो. यादीतलं माप कंपनीच्या चेंबरचं, १८ मिलिमीटरचं. माझा चेंबर आता कंपनीचा राहिलाच नव्हता. जुना बोल्ट खिशात टाकून बाइकने इतवारीत लोहा ओळीत गेलो. रविवारी तिथे अर्धी दुकानं बंद, पण एक काका सापडले. त्यांनी कॅलिपर लावला, मग आटे मोजायच्या पत्त्या एकेक करून बोल्टावर टेकवून पाहिल्या. १.५ ची पत्ती अशी बसली की फटीतून उजेडही दिसेना. "२० बाय दीड," काका म्हणाले, "जाडी पाहून घेशील अन् आट्याची चाल नाही पाहशील तर चेंबरच बदलावा लागन भाऊ." चाल म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. ते चुकीचं असलं तर व्हॉल्व्ह दोन फेऱ्या जाऊन अडकतो आणि माणूस जोर लावतो. अ‍ॅल्युमिनियमचं मग जे व्हायचं ते होतं.

२० बाय दीडचा व्हॉल्व्ह यायला आठवडा लागला. तोवर गाडी जुन्या बोल्टावर, रोज सकाळी खाली पुठ्ठा टाकून डाग पाहायचा.

दुसऱ्यांदा बसवताना व्हॉल्व्ह हाताने शेवटपर्यंत गेला, मग छोट्या पान्याने पाव फेरी. पाइप नाही! पण कसून झाल्यावर दांडा नेमका पुढच्या चाकाकडे. काटोलच्या बागांमधून गाडी धुऱ्याला, म्हणजे बांधाला, घासत जाते, चाकाने उडवलेला पहिलाच दगड तिथे बसणार. दांडा मागच्या बाजूला यायला हवा होता, म्हणजे अर्धी फेरी कमी. आणखी कसून तो मागे नेता आला असता, पण तोच तर जुना रोग. तेव्हा डोक्यात हिशोब आला. आट्याची चाल दीड, म्हणजे एका पूर्ण फेरीला व्हॉल्व्ह दीड मिलिमीटर आत जातो. वायसर पाऊण मिलिमीटरने जाड घेतला तर तो बरोबर अर्धी फेरी आधी थांबणार. डब्यात तांब्याचे वायसर होतेच, एकेक मोजून त्यातला एक बसवला. दांडा मागे. शाळेतलं गणित असं चेंबरखाली उताणं पडून उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

खरी बदली पुढच्या खेपेला. इंजिन दहा मिनिटं चालवून बंद केलं, ऑइल गरम आणि पातळ असलं की गाळ सोबत घेऊन येतं. व्हॉल्व्हच्या तोंडाला प्लॅस्टिकची नळी, नळीचं दुसरं टोक कॅनमध्ये. दांडा फिरवला. मनगटापर्यंत काळं होणं नाही, गरम बोल्ट टबात पडून बोटं भाजत शोधणं नाही. पण धार करंगळीएवढी. बोल्ट काढला की धबधबा पडायचा, इथे आठ लिटरला वीसेक मिनिटं गेली. शिवाय व्हॉल्व्हचा आट्याचा भाग भोकातून थोडा आत डोकावतो, त्यामुळे तळाला थोडं जुनं ऑइल राहतंच. मला ते चालतं. ज्याला शेवटचा थेंब हवा त्याने बोल्टच ठेवावा.

फिल्टर बदलला, नव्याच्या रबराला बोटाने ऑइल लावून हाताने कसला आणि नवीन ऑइल ओतायला घेतलं. अर्धा कॅन झाला असेल. ओट्यावरून आवाज:

"वरतून टाकून राहिला अन् खालतून जाऊन राहिलं!"

व्हॉल्व्ह उघडाच. सोनेरी ऑइल काळ्या ऑइलच्या कॅनमध्ये. साडेतीन लिटर गेलं असेल, पैशांचं विचारू नका. बोल्ट हातात असला की तो लावायचा राहत नाही, कारण तो हातात असतो. दांड्याचं तसं नाही, तो गाडीलाच राहतो, डोळ्याआड. म्हणून आता माझा नियम असा: दांड्याला जी लॉकची क्लिप येते, ती काढली की गाडीच्या चावीच्या रिंगमध्ये अडकवायची. क्लिप परत दांड्यावर बसल्याशिवाय चावी इंजिनला लागत नाही. ही क्लिप तशीही सोडू नये, दगड लागून दांडा फिरायला नको. बिना ऑइलचं इंजिन किती मिनिटं चालतं याचा प्रयोग मला करायचा नाही.

एक गोष्ट मात्र गेली. कंपनीच्या मूळ बोल्टाच्या टोकाला चुंबक होतं, त्यावर लोखंडाची बारीक कीस जमायची आणि इंजिनाच्या पोटातलं काही कळायचं. लेथवाल्याच्या बोल्टाला ते नव्हतंच, व्हॉल्व्हलाही नाही. मी आता शेवटची धार पांढऱ्या फडक्यावर घेतो आणि उन्हात धरतो. चमक दिसली तर चिंता.

काळ्या ऑइलला आमच्या गल्लीत गिऱ्हाईक भरपूर. स्लॅबच्या सेंटरिंगच्या प्लेटांना लावायला कोणीही कॅनसकट उचलून नेतं. मी देत नाही. २०१६ च्या नियमांत वापरलेलं ऑइल धोकादायक कचऱ्यात मोडतं, आणि आमच्या विहिरीचं पाणी आम्हीच पितो. ज्या दुकानातून ऑइल घेतो तिथेच सीलबंद कॅन परत देतो, तिथे रिसायकलिंगवाल्याची गाडी येते.

त्या दिवसाचा मिसळलेला कॅन पाहून दुकानदार म्हणाला, "भाऊ, हे तर अर्धं नवंच दिसून राहिलं." मी म्हटलं, घे तसंच.