साउथ बे: बियाणं खुडण्याचे दिवस

२ जून

मे सरता सरता अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या या उथळ खाड्यांत समुद्रगवताला बी धरतं आणि स्नॉर्केल (श्वासाची नळी) लावलेले स्वयंसेवक ओहोटीच्या पाण्यात उतरतात. गवत ईलग्रास, म्हणजे झोस्टेरा मरिना. मुळाला हात लावायचा नाही, फक्त बियांचा दांडा खुडायचा. साधी पात सपाट असते. बियांचा दांडा फिकट, उंच, फांद्या फुटलेला असतो आणि त्याच्या आवरणात जिऱ्याएवढ्या दाण्यांची ओळ दिसते.

जाळीच्या पिशव्यांतले दांडे त्याच दिवशी वाहत्या समुद्रपाण्याच्या टाक्यांत जातात. तिथे हवा अखंड सोडावी लागते, कारण कुजणारा पाला प्राणवायू ओढून घेतो आणि बी मरतं. हळूहळू दाणे सुटून तळाशी बसतात, मग चाळणं. पक्कं बी काळपट, टणक, झटकन बुडणारं. पोचट दाणा चिमटीत दबतो. पेरणीपर्यंत बी खाऱ्या पाण्यातच राखायचं, कारण खारटपणा उतरला की अवेळी मोड येतात.

पेरणी ऑक्टोबरात, होडीतून हातानं फोकून, एकरी लाखभर दाणे. बी पडल्या जागेपासून फार लांब जात नाही, त्यामुळे वाफे आधी नीट आखलेले हवेत. फार खोल गाडलं गेलं तर कोंब वर येत नाही. शंभरात पाच-दहा रुजले तरी हंगाम चांगला गेला म्हणायचा.

एवढ्यावर भागतं, कारण इथं पाणी मुळात चांगलं होतं. १९३० च्या दशकातला रोग आणि ऑगस्ट १९३३ चं वादळ यांत गवत समूळ गेलं, पाठोपाठ त्यात राहणारे स्कॅलप हे शिंपलेही गेले. मोठी नदी खाडीत येत नाही, अटलांटिकचं पाणी रोज खेळतं. उणीव होती ती बियांची. व्हर्जिनिया इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्सनं द नेचर कॉन्झर्व्हन्सी आणि स्वयंसेवकांच्या साथीनं दोन दशकांत ७ कोटींहून जास्त बिया सुमारे २०० हेक्टरांत पेरल्या, आणि गवत आपलं आपण ३,६०० हेक्टरांवर पसरलं. हा आकडा कितीदाही वाचला तरी मन भरून येतं. पण तो पाहून गढूळ खाडीत बी ओतायला कुणी धावू नये. तळापर्यंत ऊन पोचत नसेल तर रोप जगत नाही, तिथे आधी गाळ आणि खताचं पाणी थांबवायला हवं.

खरी धास्ती उन्हाळ्याची आहे. २०१५ च्या उष्णतेच्या लाटेत यातल्याच साउथ बे या खाडीतला मधला पट्टा होरपळला, सावरायला काही वर्षं गेली. म्हणूनच एका ताटव्यातले सगळे दांडे खुडू नयेत. थोडे खुडून पुढे सरकावं.