पेरूला गेलो मडकं आणायला

मला जुन्या वस्तूंचा नाद आहे. रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जायचं, कुणाचा तरी पितळी अडकित्ता नाहीतर कान तुटलेलं घंगाळ उचलून आणायचं आणि घरी बोलणी खायची, हे गेली तीस वर्षं चाललंय. त्यामुळे मुलीकडे न्यू जर्सीला असताना पेरूला जायची टूम निघाली, तेव्हा माझ्या डोक्यात माचू पिक्चू नव्हतंच. डोक्यात होतं एक मडकं. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर साधारण इसवी सनाच्या पहिल्या ते आठव्या शतकात मोचे लोक नांदले. त्यांच्या मडक्यांवर रिकिबीसारखी वळवलेली पोकळ नळी असते आणि तिच्या माथ्यातून तोटी वर येते. (ज्यांनी घोडा कधी बघितला नव्हता त्यांच्या मडक्याला रिकिबीचं नाव पडावं, ही गंमतच.) असं एखादं, चिरलेलं का होईना पण अस्सल, आपल्या फडताळात असावं, एवढीच इच्छा.

मडकं आणलं. अस्सल मात्र आणलं नाही.

आधी कोरडी माहिती उरकतो. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला व्हिसा असेल, तर पर्यटनासाठी पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. आमचं काम त्यावर झालं. तरी नियम बदलतात, निघण्याआधी वकिलातीच्या साइटवर बघून घ्या. भारतातून थेट विमान नाही. चलन सोल. जून ते सप्टेंबर राजधानी लिमावर दिवसच्या दिवस राखाडी धुकं असतं, फोटो मळकट येतात, पण फिरायला हवा छान. लिमात चार दिवस, मग बसने उत्तरेला त्रुहियो, चिक्लायो, पिउरा आणि शेवटी विमानाने कुस्को, असे सोळा दिवस आम्ही काढले. मडक्यांचा नाद असेल आणि हाताशी दहाच दिवस असतील, तर खुशाल कुस्को (म्हणजे त्याच्याबरोबर माचू पिक्चूही) गाळा. लोक वेड्यात काढतील, काढू द्या.

लिमात पहिल्याच दिवशी लार्को म्युझियम गाठा. राफाएल लार्को होयले यांनी ते १९२६ साली सुरू केलं. आता ते पुएब्लो लिब्रे भागातल्या एका जुन्या वाड्यात आहे. मांडलेली दालनं सुंदर आहेतच, पण खरी मजा कोठारात. तिथे हजारो मडकी काचेच्या कपाटांत जमिनीपासून छतापर्यंत रचलेली आहेत आणि कुणालाही आत जाता येतं. मका एका कपाटात, बटाटे दुसऱ्यात, बदकं, घुबडं, आजारी माणसं, बाळाला पाजणाऱ्या आया. बायको भुईमुगाच्या शेंगेच्या आकाराच्या मडक्यापुढे थबकली. "अहो, आपल्या दाण्याच्या कुटाचं माहेर हे." खरंच, बटाटा, मिरची, भुईमूग, सगळं दक्षिण अमेरिकेतलं. आपला उपासाचा फराळ तिथे मातीत घडवून ठेवलाय.

माणसांच्या चेहऱ्यांच्या मडक्यांना निदान तासभर द्या. हे चेहरे नुसते 'माणूस' नाहीत, ठरावीक माणसं आहेत. वरच्या ओठावर व्रण असलेला एक जण तर अभ्यासकांना निरनिराळ्या मडक्यांवर निरनिराळ्या वयात सापडलाय, पोरवयापासून पुरता बाप्या होईपर्यंत. मोचे कुंभार चाक वापरत नसत. दोन अर्ध्या साच्यांत माती दाबायची, अर्धुकं जोडायची, नळी वरून बसवायची. जोडाची रेघ कानामागून जाते. एकदा ती दिसली की मग प्रत्येक मडक्याचे कान बघत सुटतो माणूस. याच म्युझियममध्ये कामक्रीडेच्या मडक्यांचं वेगळं दालन आहे. सासूबाई बरोबर असतील तर आधी बागेत कॉफी पाजून बसवा.

कापडासाठी मिराफ्लोरेस भागातलं आमानो म्युझियम. योशितारो आमानो या जपानी उद्योजकाने १९६४ मध्ये काढलेलं. छोटं आहे, पण इथे घाई केलीत तर पैसे वाया. चांकाय लोकांची जाळीची वस्त्रं खणांत ठेवलीत, एकेक खण ओढून बघायचा. इथल्या 'वारी' नावाच्या प्राचीन राज्याच्या काळातल्या एका अंगरख्याच्या तुकड्यापुढे बायको पाच मिनिटं वाकून उभी राहिली. मग मला जवळ बोलावलं. दोन रंग जिथे भेटतात तिथे आडवे धागे एकमेकांत अडकवून माघारी फिरवलेले, त्यामुळे मध्ये फट नाही. "पैठणीच्या पदरात हेच करतात," ती म्हणाली. येवल्याला मागावर बसून बघितलंय तिने. इथे उभा धागा सुती, आडवा अल्पाकासारख्या जनावराच्या लोकरीचा. बाकी हाताची चाल तीच. समुद्रापलीकडच्या दोन गावांनी एकमेकांना न विचारता शोधलेली. दहाबारा शतकांपूर्वीचा लाल रंग अजून पिंजरीसारखा ताजा. निवडुंगावरच्या कोचिनील किड्यापासून करत तो.

बसचा प्रवास लांबतो. लिमा ते त्रुहियो साडेपाचशेच्या वर किलोमीटर आहे, रात्रीची झोपायची बस घ्या. त्रुहियोजवळ वाका दे ला लूना हा मोचे लोकांचा विटांचा डोंगर. आतल्या भिंतींवर रंगीत देवांचे चेहरे, डोळे वटारून बसलेले. समोरच वाका देल सोल, 'वाका' म्हणजे पवित्र जागा. ही दुसरी वाका अर्धीच उरलीय, कारण सतराव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिश लोकांनी सोन्यासाठी मोचे नदीच वळवून तिच्यावर सोडली. मातीच्या विटा, नदीचं पाणी, काम फत्ते. पेरूत थडगी उकरणाऱ्याला 'वाकेरो' म्हणतात आणि उकरून काढलेल्या मडक्याला 'वाको'. धंदा इतका जुना की भाषेत मुरलाय. शहरात रात्री रस्त्यावरची टॅक्सी घेऊ नका, ॲपवरून किंवा हॉटेलकडून बोलवा.

आता तो प्रसंग. कुठल्या गावात ते सांगत नाही. एका वाकेच्या वाहनतळावर एक गडी जवळ आला, पिशवीतून वर्तमानपत्राचं बोचकं काढलं. "वाको, सेन्योर. लेहितिमो." म्हणजे अस्सल. आत बदकाचं मडकं, पोटाला मातीची खपली, तोटी दुरुस्त केलेली. तीनशे सोल म्हणाला, मी काही न बोलताच दीडशेवर आला. हातात घेतलं मात्र, आणि खोटं कशाला सांगू, माझे कान गरम झाले. जुन्या बाजारात होतात तसेच. बायको हळूच म्हणाली, "खोटं असेल तर दीडशे गेले. खरं असेल तर तुम्ही गेलात." मी मडकं परत दिलं. ते अस्सल होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. मातीची खपली, मुळांच्या खुणा, क्षार हे सगळं नकली चढवता येतं. जुन्या खापरांना नवी माती लावून 'अस्सल' मडकंही जुळवतात. प्रयोगशाळेत माती शेवटची कधी भाजली ते तपासता येतं, पण ते वाहनतळावर होत नाही.

कायद्याचं मात्र अगदी स्पष्ट आहे. वाकांमधून मडकी, कापडं, दगड काढून देशाबाहेर न्यायला पेरूने १८२२ मध्येच बंदी घातली, स्वातंत्र्य जाहीर होऊन वर्ष होतंय तोवर. १९२९ च्या कायद्याने स्पॅनिशांपूर्वीचे अवशेष सरकारी मालकीचे ठरवले आणि सध्याचा वारसा कायदा २००४ चा आहे. मडकं, खापर, कापडाची चिंधी, काही म्हणजे काही बाहेर नेता येत नाही. आपल्याकडेही १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरची पुरावस्तू खासगी माणसाला बाहेर नेता येत नाहीच. नवल वाटायचं कारण नाही. परदेशातल्या लिलावातून घेतलं म्हणजे सुटलो असंही समजू नका. पेरूच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पाराकासची जी प्राचीन वस्त्रं १९३० च्या दशकात चोरून स्वीडनच्या गोथेनबर्गला गेली होती, ती २०१४ पासून टप्प्याटप्प्याने पेरूला परत द्यावी लागली. येल विद्यापीठालाही माचू पिक्चूच्या वस्तू परत कराव्या लागल्या; त्या आता कुस्कोच्या कासा कोंचा म्युझियममध्ये बघायला मिळतात.

कायद्यापेक्षा मला गप्प केलं ते चिक्लायोजवळच्या लाम्बायेके गावातल्या तुंबास रेआलेस म्युझियमने. १९८७ मध्ये सिपान इथे वाकेरोंनी एक थडगं फोडलं. माल बाजारात येऊ लागला तेव्हा पोलिसांनी पुरातत्त्वज्ञ वाल्तेर आल्बा यांना बोलावलं आणि त्यांच्या पथकाला शेजारचं न फोडलेलं थडगं सापडलं, सिपानच्या स्वामीचं. त्याच्या गळ्यातल्या माळेत भुईमुगाच्या शेंगा: उजवीकडे दहा सोन्याच्या, डावीकडे दहा चांदीच्या. आता हे उजवं-डावं कळलं कशामुळे? वस्तू जागच्या जागी होत्या म्हणून. मोचे मडक्यांवर बळीच्या विधीची चित्रं असतात, त्यात एक ठरावीक मुकुट-दागिन्यांचा मुख्य पुरुष दिसतो. लोक त्याला देवबीव समजत. सिपानला तेच दागिने ल्यालेला खराखुरा माणूस शवपेटीत निघाला. वाकेरोंनी फोडलेल्या थडग्यातला मात्र कमरेला लावायचा सोन्याचा एक पत्रा १९९७ मध्ये फिलाडेल्फियात सोळा लाख डॉलरना विकताना एफबीआयने पकडला. तो कुणाच्या कमरेला होता, शेजारी काय होतं, हे कायमचं गेलं. मला माझं वाहनतळावरचं बदक आठवलं. हे म्युझियम वरच्या मजल्यावरून सुरू होतं आणि उतरत उतरत थडग्यापर्यंत जातं, तेव्हा क्रम मोडू नका. सिपानचं प्रत्यक्ष उत्खनन पस्तीसेक किलोमीटरवर आहे, अर्धा दिवस राखा.

मग विकत काय घ्यायचं? त्यासाठी पिउराजवळ चुलुकानासला जा. उकाडा भयंकर, डोक्याला टोपी आणि पाण्याची बाटली हवीच. एका कुंभाराच्या अंगणात आम्ही सकाळ काढली. तो मडक्याला बाहेरून लाकडी थापीने चोपत होता, आतून गोल दगडाचा आधार देऊन. आपल्याकडचे कुंभार माठाला चोपतात अगदी तसं. भाजलेल्या मडक्यावर मातीच्या लेपाने नक्षी झाकायची, मग धुरात ठेवायचं. उघडा भाग काळा होतो, झाकलेला तसाच राहतो. धुरासाठी जाळत होता आंब्याची पानं! आपल्या दारच्या तोरणाची पानं पेरूत मडकी काळी करतात, हे बघून मला उगाचच बरं वाटलं. किमती लिमाच्या दुकानांपेक्षा बऱ्याच कमी पडल्या आणि घासाघीस करावीशी वाटली नाही.

कोरीवकामात वाळलेल्या भोपळ्यांवरची नक्षी बघा. ही कला फार जुनी: १९४६ मध्ये पुरातत्त्वज्ञ जुनियस बर्ड यांना उत्तर किनाऱ्यावरच्या वाका प्रिएता इथे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे कोरलेले भोपळे मिळाले. आज हे काम वांकायोजवळच्या कोचास गावात चालतं. भोपळा वजनाला हलका, फुटत नाही, भेट द्यायला उत्तम. कापड कुस्को किंवा चिंचेरोतल्या विणकरणींच्या सहकारी दुकानांतून घ्या, विणणारीचं नाव असलेली चिठ्ठी लावलेली असते. बाजारातली 'अल्पाका' शाल बहुतेक वेळा ॲक्रिलिक निघते. सुटलेला एक धागा मागून घ्या आणि जाळा: केस जळल्याचा वास आला तर लोकर, गोळी होऊन वितळला तर प्लास्टिक.

मी शेवटी घेतली चिमू (मोचेंनंतर याच किनाऱ्यावर नांदलेले लोक) पद्धतीच्या शिट्टीच्या मडक्याची नवी प्रतिकृती. जोडीची काळी मडकी, मध्ये नळी, एका बाजूला माकड. पाणी भरून हलवलं की आतली हवा ढकलली जाते आणि माकड शिट्टी वाजवतं. बिल घेतलंत तर त्यावर 'प्रतिकृती' असं लिहून घ्या. मी घेतलं नव्हतं. मडकं हातातल्या सामानात ठेवा, पोटाभोवती कपडे आणि नळीच्या वळणात मोजे कोंबा. तुटतं ते नेहमी तिथेच.

लिमा विमानतळावर आमची बॅग क्ष-किरणातून गेली आणि थांबवली गेली. मला सांस्कृतिक मंत्रालयाच्या खिडकीशी पाठवलं. (हे काम आदल्या दिवशी शहरात करून वस्तू वारसा नसल्याचा दाखला घेता येतो. नाहीतर तीन तासांऐवजी चार तास आधी पोचा.) तिथल्या बाईंनी मोजे उपसले, मडकं उलटं केलं, बुडावर नख फिरवलं, साच्याचा जोड बघितला. बिल विचारलं. मी दुकानातला फोटो दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत. मग मडकं उचललं, तोटी ओठांना लावली आणि जोरात फुंकली. माकड असं किंचाळलं की मागची रांग दचकली आणि हसली. बाईंनी गंभीर चेहऱ्याने कागदावर शिक्का मारला.