निनावी तक्रार आणि ओटीपीचा रकाना

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात आमच्या वाड्यामागे रात्रीची डोंगरकापणी चालू होती. यंत्र लावणारा आमच्याच देवळाचा महाजन असल्यामुळे तक्रार नाव न देताच करावी, असे मी ठरवले. आपण कोण हे लपवून संकेतस्थळे उघडणारा टॉर ब्राउझर उतरवून घ्यायला दहा मिनिटे पुरली. त्यात आपली विनंती तीन संगणकांतून जाते. पहिल्याला आपला इंटरनेटवरचा पत्ता कळतो पण मुक्काम, म्हणजे आपण उघडतो ते संकेतस्थळ, कळत नाही, शेवटच्याला मुक्काम कळतो पण आपला पत्ता कळत नाही. ही रचना मला मनापासून पटली.

अडले ते संबंधित खात्याच्या संकेतस्थळावर. टॉरच्या शेवटच्या संगणकांची यादी जाहीर असते, त्यामुळे अनेक संकेतस्थळे त्यांना दारातच अडवतात. पहिल्या दिवशी पानच उघडले नाही. नंतर ‘नवे सर्किट’, म्हणजे तीन संगणकांची नवी साखळी, घेत घेत आणि आपण माणूसच आहोत हे पटवायला चित्रांतले वाहतूक दिवे आणि बसगाड्या निवडत मी चार संध्याकाळी घालवल्या. पाचव्या दिवशी अर्ज उघडला, मी सगळा मजकूर भरला आणि शेवटच्या पानावर मोबाइल क्रमांक व ओटीपी सक्तीचा निघाला. ओळखपत्र दिल्याशिवाय आपल्याकडे सिमकार्ड मिळत नाही, मग तीन संगणकांच्या आड लपून मी मिळवले काय? तक्रारदाराला संरक्षण हवे असू शकते, हे तो अर्ज आखणाऱ्यांच्या मनातही आले नसावे, याचा संताप अजून ओसरलेला नाही.

शेवटी मोबाइल क्रमांक न मागणारे ईमेल खाते टॉरमधूनच उघडून मी एका पर्यावरण संस्थेला माहिती कळवली आणि त्यांनी स्वतःच्या नावाने तक्रार नोंदवली. पोच आल्याचे कळले त्या रात्री मला शांत झोप लागली.

हे कचेरीच्या वायफायवरून मुळीच करू नये. आपण टॉर वापरतो आहोत हे जोडणी पुरवणाऱ्याला दिसते. २०१३ साली हार्वर्डमध्ये बॉम्बची खोटी धमकी देणारा विद्यार्थी सापडला, कारण त्या वेळी विद्यापीठाच्या जाळ्यावरून टॉर वापरणारे मोजकेच होते. संकेतस्थळाच्या पत्त्यात ‘एचटीटीपीएस’ (मजकूर सांकेतिक रूपात पाठवल्याची खूण) आहे ना, हेही पाहावे, नाहीतर टॉरचा शेवटचा संगणक चालवणाऱ्याला मजकूर वाचता येतो. २००७ मध्ये एका स्वीडिश संशोधकाने याच वाटेने अनेक दूतावासांचे पासवर्ड मिळवून दाखवले होते.

छायाचित्रांचे मात्र आधी सांगायला हवे होते. मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात अक्षांश-रेखांश नोंदलेले असू शकतात. मी ते पुसले, पण चित्र आमच्याच गच्चीवरून घेतल्याचे कोनावरून कुणालाही ओळखता आले असते. म्हणून दुसऱ्या दिवशी रस्त्यावरून नवी छायाचित्रे काढली आणि तीच पाठवली.