वसईची माळ कुठल्या फळीवर?

दिव्यांच्या माळेचं एक खोकं अजून माझ्या टेबलाच्या खणात पडून आहे. विकायचंही नाही आणि परतही पाठवायचं नाही.

गणपतीच्या आधी आमच्या ग्राहक भांडारात ‘भारतीय बनावटीच्या वस्तू’ अशी वेगळी फळी लावायचं संचालक मंडळानं ठरवलं. ठराव पाच मिनिटांत झाला, फलक रंगवायला दोन दिवस गेले, आणि मालाची छाननी मात्र खरेदी विभागानं, म्हणजे मी आणि एका मदतनिसानं, एका दिवसात उरकायची होती. एकूण २१२ वस्तू. निकष मंडळानंच घालून दिला होता: खोक्यावर परदेशाचं नाव दिसलं की वस्तू खालच्या फळीवर.

खोकं हातात घेतलं की समोरच्या बाजूकडे बघायचंच नाही. तिरंगी पट्टी, चक्र, मोर, यातलं काहीही पुरावा नव्हे. मागची बारीक अक्षरं वाचायची, आणि त्यातही पत्त्यापेक्षा पत्त्याच्या आधीचे दोन शब्द महत्त्वाचे. ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ असेल तर वस्तू त्या नावाच्या कारखान्यात झाली. ‘पॅक्ड बाय’ म्हणजे तिथे नुसती पिशवी भरली. ‘मार्केटेड बाय’पुढे अंधेरीचा पत्ता असला तरी तिथे बहुधा टेबल-खुर्च्या असतात, त्यामुळे निर्मात्याचं नाव वेगळं शोधावं लागतं. ‘इम्पोर्टेड बाय’ असेल तर वैधमापन शास्त्राच्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार (सन २०११) मूळ देश छापणं सक्तीचं आहे. उलट, इथे बनलेल्या वस्तूवर ‘मेड इन इंडिया’ लिहायची सक्ती नाही. त्यामुळे ते शब्द नसले म्हणून वस्तू परकी ठरत नाही. ही एवढी साधी गोष्ट मंडळाला दोनदा समजावली, तिसऱ्यांदा मी चहा मागवला.

चाळीसेक वस्तू झाल्यावर लक्षात आलं की मदतनीस बारकोडचे पहिले तीन आकडे बघून टिक करत सुटलाय. ८९० म्हणजे भारतीय! कुणीतरी मोबाइलवर पाठवलेलं ज्ञान. ८९० चा अर्थ एवढाच की तो क्रमांक जीएस१ इंडिया या बारकोड देणाऱ्या संस्थेकडून घेतलेला आहे. इथल्या कंपनीनं चीनमध्ये बनवून आणलेल्या बाटलीवरही ८९० च असतो. चाळीसच्या चाळीस वस्तू पुन्हा तपासल्या.

आयएसआयच्या शिक्क्याचंही तेच. तो दर्जाचा शिक्का आहे, जन्मदाखला नाही; तो देणारं बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्यूरो, परदेशातल्या कारखान्यांनाही परवाना देतं. पण शिक्क्याजवळ सीएम/एल असा क्रमांक असतो, आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर ‘आर’ आणि पुढे आठ आकडे. ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये तो टाकला की कारखान्याचं नाव आणि पत्ता येतो. सगळ्या खोक्यावर इतकी सरळ बोलणारी दुसरी खूण मला माहीत नाही. अर्थात, क्रमांक धूसर छापलेला असला की तीन आणि आठ यांत अर्धा तास जातो.

मधल्या वेळात कंपनी भारतीय की वस्तू भारतीय, यावर मंडळातल्या दोघांची जुंपली. बाटा कंपनी मूळची झेक, जोडे कोलकात्याजवळच्या बाटानगरचे. मग काय म्हणायचं? फलकावर ‘बनावटीच्या’ हा शब्द होता म्हणून वाचलो. कॅलिफोर्नियाचे बदाम नवी मुंबईत पिशवीत भरले तरी ते खालच्या फळीवरच. अन्नपदार्थांचा लेबलचा नियम असा की दुसऱ्या देशात पदार्थाचं स्वरूपच बदलणारी प्रक्रिया झाली, तर तो दुसरा देश मूळ देश मानायचा. पिशवी बदलण्यात स्वरूप बदलत नाही.

आणि मग हिंग. हिंगाचा चीक अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून येतो. आपल्याकडे हिमाचलातल्या लाहौलमध्ये पहिलं रोप लावलं तेच मुळी ऑक्टोबर २०२० मध्ये. इथे त्यात गव्हाचं पीठ आणि डिंक घालून बांधानी हिंग होतो. डबीवर कारखान्याचा भारतातला पत्ता, परदेशाचं नाव नाही. हिंग कुणीही न बोलता वर ठेवला, मीसुद्धा.

अकराच्या सुमाराला दिव्यांच्या माळा आल्या. दोन प्रकार, दोन्ही दहा मीटर, पन्नास दिव्यांच्या. एक वसई पूर्वेच्या गाळ्यात बनणारी. तिच्या खोक्यावर स्पष्ट छापलेलं: ‘एलईडी व कंट्रोलर: चीन. तार, जोडणी, तपासणी: वसई, जि. पालघर.’ दुसरीच्या खोक्यावर मोठा ब्रँड, मुंबईचा तक्रार-पत्ता आणि आमच्या दराचं लेबल. परदेशाचं नाव कुठेच दिसलं नाही. निकषानुसार वसईची खाली गेली, दुसरी वर.

निकष मला पटला नव्हता, म्हणून वसईवाल्यांना फोन करून हिशेब मागितला. असला हिशेब बहुतेक पुरवठादार देत नाहीत. यांनी दिला, तोही बिलांच्या फोटोंसकट. आम्हाला माळ पडते ९६ रुपयांना, कर वेगळा. त्यात पन्नास एलईडी १८ रुपये आणि आठ फंक्शनचा कंट्रोलर १७ रुपये, दोन्ही आयात. तार २७, प्लग आणि स्लीव्ह (सांध्यावर चढवायची नळी) ६, खोकं ५, मजुरी १४, उरलेले ९ रुपये त्यांचे. एलईडी त्यांनी मुंबईच्या लोहार चाळीतल्या बाजारातून भारतीय बिलावर घेतले होते, पण बिल भारतीय झालं म्हणून एलईडी भारतीय होत नाही, ते आयातीतच धरायचे. सरकारी खरेदीसाठी २०१७ चा जो मेक इन इंडिया आदेश आहे, त्यात स्थानिक वाटा काढायची रीत सोपी आहे: करांशिवायच्या किमतीतून आयात भागांची किंमत सीमाशुल्कासह वजा करायची आणि उरलेल्याची टक्केवारी काढायची. ९६ मधून ३५ गेले, राहिले ६१. म्हणजे साडेत्रेसष्ट टक्के. त्या आदेशात पन्नास टक्क्यांना पहिला वर्ग मिळतो. आमच्या फलकाखाली तिला जागा मिळाली नाही.

दोन्ही माळा काट्यावर ठेवल्या. वसईची २४० ग्रॅम, दुसरी १४०. हा फरक मुख्यतः तारेतल्या तांब्याचा आणि वरच्या आवरणाचा. पातळ तार प्लगच्या तोंडाशी, जिथे सारखी वाकते, तिथे तुटते. दिवे सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एक सांधा सुटला की ती अख्खी रांग विझते. वसईच्या गाळ्यात बायका प्रत्येक सांधा झाळल्यावर स्लीव्ह चढवतात आणि माळ आठ तास पेटती ठेवून मगच खोक्यात भरतात. हे खोक्यावर कुठेच लिहिलेलं नाही. लिहिलाय तो चीन.

दुपारी एका काकांनी दोन्ही खोकी घेतली, चष्मा कपाळावर सरकवून वाचली, आणि वसईची खाली ठेवली. ‘अहो, यावर तर सरळ चीन लिहिलंय.’ वरची घेऊन गेले. मी काउंटरपाशीच उभी होते.

चारच्या आसपास दुसऱ्या माळेचा ‘आर’ क्रमांक ॲपमध्ये टाकला. हे काम सकाळीच व्हायला हवं होतं. २१२ वस्तूंच्या घाईत राहिलं. पत्ता आला चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातला. मग आमचं दराचं लेबल नखानं उचकटलं. खाली आयातदाराची पांढरी चिठ्ठी, बारीक अक्षरांत नाव, पत्ता, महिना आणि ‘कंट्री ऑफ ओरिजिन: चायना’. कंपनीनं काही लपवलेलं नव्हतं. लपवलं आम्ही, ३८ बाय २५ मिलिमीटरच्या चिकटपट्टीनं. गोदामातली पोरं लेबलसाठी खोक्यावरची पांढरी, मोकळी दिसणारी जागा शोधतात, आणि आयातीची चिठ्ठी नेमकी तशीच दिसते. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. तोवर ३१ माळा ‘भारतीय’ म्हणून गेल्या होत्या.

माळ वरून काढली. संध्याकाळी फलकाचं उद्‌घाटन झालं. अध्यक्षांनी बाबू गेनूंची आठवण काढली: १२ डिसेंबर १९३०, काळबादेवी, परदेशी कापडाची लॉरी. ऐकताना वाटलं, त्या लॉरीत काय भरलंय हे रस्त्यावरच्या कुणालाही दिसत होतं. आमची माळ अर्धी न्हावाशेवा बंदरातून आली होती, अर्धी वसईत झाली होती, आणि तिच्यापुढे कुणी आणि कुठे आडवं पडायचं?

मी मंडळापुढे तिसरी, मधली फळी सुचवली: ‘भारतात जोडणी, भाग आयात’, सोबत टक्केवारीची पट्टी. उत्तर मिळालं, लोकांचा गोंधळ होईल. गोंधळ लोकांचा होता की आमचा, हे मी विचारलं नाही.

वसईवाल्यांना निर्णय फोनवर कळवला. ते चिडले नाहीत. म्हणाले, ‘ताई, मग ती ओळ काढू का? कायद्यानं लिहावी लागत नाही, मी विचारून ठेवलंय.’ कायद्यानं खरंच लागत नाही. मी म्हटलं, ‘तुमचं तुम्ही बघा.’ याहून बरं काहीतरी सुचायला हवं होतं.

दिवाळीच्या ऑर्डरचा नमुना परवा आला. तीच तार, तेच एलईडी, तोच कंट्रोलर. काट्यावर पुन्हा २४० ग्रॅम. दर दोन रुपयांनी वाढलाय, नवीन खोक्याच्या छपाईचा. मागच्या बाजूला फक्त ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ आणि वसईचा पत्ता. निकषात बसते, म्हणून वरच्या फळीवर लावली. जुन्या खोक्यातलं एक मी खणात ठेवलंय.