आखूडशिंगी, बहुदुधी फोन

खिशात मावणारा, चार्जिंग दिवसभर पुरवणारा, झकास फोटो काढणारा आणि वर स्वस्त, असा फोन शोधायला निघालेल्या माणसाला खरं तर आखूडशिंगी, बहुदुधी गाय हवी असते. शिंगं आखूड मिळतात. दुधाचं सांगता येत नाही आणि चाऱ्याचा खर्च तर मुळीच कमी होत नाही.

शिंगांपासूनच बघू. फोनचं माप इंचात सांगतात आणि पहिली फसगत तिथेच होते. इंच म्हणजे स्क्रीनचा कर्ण. हात काही कर्णाला धरत नाही, रुंदीला धरतो. 2022 च्या आयफोन एसईची स्क्रीन 4.7 इंचांची आणि आयफोन 13 मिनीची 5.4 इंचांची. कागदावर मिनी मोठा दिसतो, पण एसई 67.3 मिलिमीटर रुंद आहे आणि मिनी 64.2. उंचीतही मिनीच सात मिलिमीटरने बुटका, कारण एसईला वर ऐसपैस कपाळ आणि खाली हनुवटी आहे. नुसती काच मोजली तरी तेच. एसईची स्क्रीन 16:9 प्रमाणाची, मिनीची 19.5:9 अशी उभट. त्यामुळे 5.4 इंची काच 4.7 इंचीपेक्षा मिलिमीटरभर अरुंदच भरते. 2011 साली गॅलेक्सी नोट आला तेव्हा ‘हा फोन की पाटी’ म्हणून त्याची थट्टा व्हायची. त्याची उंची होती जवळपास 147 मिलिमीटर. 2025 साली ‘कॉम्पॅक्ट’ म्हणून आलेला गॅलेक्सी एस25 सुद्धा बरोबर तेवढाच उंच आहे. फरक रुंदीत आहे. नोट 83 मिलिमीटर रुंद होता, एस25 साडेसत्तरच आहे. म्हणून तपशिलाच्या तक्त्यात इंचांची ओळ सोडून आधी रुंदी वाचावी आणि मग वजन.

रुंदीला एवढा मान का, ते अंगठ्याला विचारा. उजव्या हातात फोन धरला की अंगठा कंपासासारखा एका चापात फिरतो. मागे जायचा बाण बहुतेक ॲपमध्ये नेमका डावीकडे वरच्या कोपऱ्यात, म्हणजे चापाच्या बाहेर. मग करंगळी खालच्या कडेला टेकू देते, उरलेली बोटं पकड सैल करतात, फोन तळहातावर बोटभर खाली सरकतो आणि अंगठा वर झेपावतो. त्या क्षणी फोनवरची पकड सैलच असते. तो कलंडला की अनेकदा कोपऱ्यावर पडतो, आणि काच तडकायला कोपऱ्यासारखी दुसरी जागा नाही. उंचीवर सॉफ्टवेअरचा उतारा आहे. एका हाताने वापरायचा मोड चालू केला की वरचा भाग खाली ओढता येतो. पकडीत घ्यायच्या रुंदीवर मात्र असा साधा इलाज नाही. ढोबळ अंदाज असा की मध्यम हाताला 68 मिलिमीटरपर्यंतचा फोन आपला वाटतो आणि 72 च्या पुढे दुसरा हात मदतीला येतोच. जाडीचा उगाच बाऊ होतो. आसुसचा झेनफोन 9 तब्बल 9.1 मिलिमीटर जाड होता, पण रुंदी 68.1 असल्याने हातात छान बसायचा. त्या जाडीच्या बदल्यात 4,300 एमएएचची (हे बॅटरीच्या क्षमतेचं माप) बॅटरी मिळायची, आणि हेडफोनची जुनी पिन लावायची सोयसुद्धा.

आता दूध. बॅटरीला घनफळ लागतं आणि लहान फोनमध्ये नेमकी त्याचीच टंचाई. 13 मिनीत साधारण 2,400 एमएएच मावतात, मोठ्या फोनमध्ये 5,000 सहज. म्हणजे मिनी निम्माच वेळ चालतो असं नाही, कारण लहान स्क्रीन कमी वीज खाते. पण प्रोसेसर, नेटवर्कशी जोडणारा मोडेम आणि जीपीएस यांना बाहेरचं आवरण केवढं आहे याच्याशी देणंघेणं नसतं. घरी वायफायवर व्हिडिओ बघताना लहान फोन बरा तग धरतो. रेंज कमी असलेल्या रस्त्यावर नकाशा लावला की मात्र मोडेम ताकद वाढवून टॉवर शोधत राहतो आणि टक्के बघता बघता उतरतात. उष्णतेचंही तसंच. पसरायला जागा कमी, म्हणून लांबलचक गेम किंवा 4के रेकॉर्डिंगमध्ये लहान फोन आधी तापतो आणि मग स्वतःच वेग उतरवतो.

आणखी एक हिशेब विकत घेताना कुणाच्या ध्यानात येत नाही. समजा दिवसाला 2,400 एमएएच खर्च होतात. लहान फोनचं रोज एक चार्ज चक्र, म्हणजे पूर्ण बॅटरीइतका वापर, पुरं होतं, मोठ्याचं दोन दिवसांनी एक. युरोपीय संघाच्या जून 2025 पासून लागू झालेल्या नियमानुसार 800 चक्रांनंतर बॅटरीत किमान 80 टक्के क्षमता उरायला हवी. लहान फोनची ही 800 चक्रं सव्वादोन वर्षांतच भरतात, मोठ्याची चार वर्षांच्याही पुढे जातात. तेव्हा लहान फोनच्या किमतीत एक बॅटरी बदलण्याचा खर्च आधीच मिळवून ठेवावा. सिलिकॉन-कार्बन बॅटऱ्यांनी हे गणित जरा सैल केलंय. नेहमीच्या बॅटरीतल्या ग्रॅफाइटपेक्षा सिलिकॉन कितीतरी जास्त लिथियम साठवतं, पण चार्ज होताना फारच फुगतं, म्हणून ते थोडंथोडंच मिसळतात. तेवढ्यावरही विवो एक्स200 प्रो मिनीसारख्या 6.31 इंची फोनमध्ये 5,700 एमएएच बसले.

लहान म्हणजे स्वस्त, हे कापडाला लागू पडेल, फोनला नाही. स्क्रीनमध्ये थोडी बचत होते खरी, पण चिप, मेमरी, मोडेम, कॅमेरे यांची किंमत तीच राहते आणि तेच सगळं दाटीवाटीने बसवायचं म्हणजे डोकेदुखी जास्त. स्वस्त फोन बहुतेक मोठेच असतात ते यामुळेही, ऐसपैस जागेत साधे सुटे भाग आरामात बसतात. किंमत तोलायची तर ती अपडेट मिळायच्या उरलेल्या वर्षांनी भागावी. पिक्सेल 8 आणि गॅलेक्सी एस24 पासून सात वर्षांचा वायदा आहे. दोन वर्षं जुनं मॉडेल सवलतीत घेतलं तर भागायला पाचच उरतात.

कॅमेऱ्यात पहिला बळी सहसा टेलिफोटो, म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सचा जातो. तिला लांबी लागते आणि जागा नसते. ती नसली तर फार बिघडत नाही. स्टोरेजमध्ये मात्र कंजुषी नको, मेमरी कार्डाची खाच अशा फोनमध्ये सहसा नसतेच.

मराठीत टाइप करणाऱ्यांनी एक गोष्ट हातात घेऊनच बघावी. मिनीच्या साडेसत्तावन्न मिलिमीटर रुंद काचेवर एका ओळीत 10 कळा बसवल्या की प्रत्येकीला पावणेसहा मिलिमीटर मिळतात, 11 बसवल्या की सव्वापाच. ‘ड’ दाबावा आणि ‘ढ’ उमटावा इतकं ते जवळ. वर वेलांटी आणि खाली उकार यांनाही जागा लागते, त्यामुळे अक्षर मोठं केलं की पडद्यावर मोजक्याच ओळी राहतात.

दुकानात फोन साखळीला बांधलेला असतो, तिथे वजनाचा अंदाज येत नाही. त्यापेक्षा घरी जाड पुठ्ठा फोनच्या मापाने कापावा, त्याचे थर चिकटवून जाडी जमवावी आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर नाण्यांनी वजन पुरं करावं. दोन दिवस तो खिशात ठेवून उठावं, बसावं, अंगठा फिरवावा. कापताना रुंदीत तीन मिलिमीटर वाढवायला विसरू नये, कारण 64 मिलिमीटरचा नाजूक फोन घेतल्यावर पहिल्याच दिवशी त्याला रबरी चिलखत चढवलं जातं आणि तो 67 चा होतो.