कॉम्बोचं बिल आणि मटकीची सुकी उसळ

दुपारी एकच्या सुमारास नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यात कंपन्यांच्या गेटवर डिलिव्हरीवाल्यांची गर्दी असते. जेवणाला मागवलेला बर्गर महागलाय खराच, पण खिशाला चाट बसते ती त्याच्या आजूबाजूच्या रकमांनी. समजा, ॲपवर बर्गर-फ्राइजचा कॉम्बो 250 रुपयांना आहे. पॅकिंगचे 20. दोन्हींवर 5 टक्के जीएसटी, म्हणजे साडेतेरा रुपये. डिलिव्हरीचे 40, आणि सप्टेंबर 2025 पासून त्यावरही 18 टक्के जीएसटी. झाले 330, प्लॅटफॉर्म फी वेगळीच. शिवाय ॲपवरचा भाव बऱ्याचदा काउंटरपेक्षा चढा असतो, कारण हॉटेलवाला कमिशन त्यातच धरतो. एवढं करून फ्राइज हातात पडतात त्या बंद खोक्यातल्या वाफेने मऊ झालेल्या.

वडापाव स्वस्त, पण ते जेवण नव्हे. दोन खाल्ले तरी चारला पोट पुन्हा ओरडतंच.

त्यापेक्षा ऑफिसच्या डब्याला पोळ्या विकतच्या आणि भाजी घरची, हा हिशेब बरा जमतो. सकाळचा वेळ पोळ्याच खातात, आणि पोळीभाजी केंद्रात त्या नगावर मिळतात. गरम पोळ्या थेट स्टीलच्या डब्यात कोंबू नका. वाफेचं पाणी होऊन खालच्या दोन चिकट होतात. सुती फडक्यात गुंडाळायच्या.

भाजी सुकीच हवी. ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीत रस्सा बॅगेत सांडतोच. मटकीला तोड नाही: दोघांच्या डब्याला 100 ग्रॅम पुरते, किलोला 150 रुपये धरले तरी 15 रुपयांची. आदल्या दिवशी सकाळी भिजत घाला, आठेक तासांनी उपसा, अर्धा तास चाळणीत निथळू द्या आणि मग फडक्यात सैल बांधा. सकाळी मोड तयार. पावसाळ्यात ती बुळबुळीत होऊन वास मारते, त्याचं कारण बहुतेकदा न निथळलेलं पाणी आणि घट्ट बांधलेली पुरचुंडी.

दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, हळद, एक कांदा. त्यावर मटकी आणि अर्धी वाटी पाणी. झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर 10-12 मिनिटं. कुकर नको, मोडाची मटकी एका शिट्टीतही गाळ होते. दाणा बोटाने चेपला की मगच मीठ, गूळ, चमचाभर गोडा मसाला आणि दोन आमसुलं. आमसूल आधी पडलं तर आंबटपणामुळे दाणा कडक राहतो. डब्यासाठी ओलं खोबरं टाळा, दुपारपर्यंत आंबूस होतं. दाण्याचं कूट चालेल.

पोळीचा कंटाळा आला की दहीभात. वाटीभर मऊ, कोमट भातात पाऊण वाटी कोमट दूध आणि एकच चमचा दही. जेवायच्या वेळेपर्यंत ते डब्यातच विरजतं, त्यामुळे आंबट होत नाही. मे महिन्यात दही अर्धा चमचाच घाला.

आणि स्वयंपाक अजिबातच जमत नसेल तर महिन्याचा डबा लावा. फक्त पैसे देण्याआधी खाड्यांचं ठरवून घ्या: सुट्टी आदल्या रात्री कळवली तर पैसे वजा होणार का, रविवार धरलाय का, आणि पोळ्या मोजून किती. भात नको असेल तर त्याऐवजी दोन पोळ्या जास्त मागा. बरेच डबेवाले देतात.